काठी मिळाली, पण चालायला शिकवणार कोण?

२०१६ साली आमच्या तालुक्याला दिव्यांग साहित्य वाटपाचं शिबिर झालं, त्यात मला पांढरी काठी मिळाली. मांडव, हार, नारळ, चार भाषणं, आणि मग नाव पुकारलं की एकेकाला स्टेजवर न्यायचं, हातात काठी द्यायची, फोटोसाठी थांबवायचं आणि पलीकडच्या पायऱ्यांनी उतरवायचं. उतरवायचं म्हणजे दोघांनी दोन दंड धरून जवळजवळ उचलूनच खाली ठेवायचं. गंमत बघा, ज्या माणसाने स्वतःच्या पायाने फिरावं म्हणून तुम्ही काठी दिलीत त्याला तीन पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, आणि त्या काठीचं नक्की करायचं काय हे अख्ख्या दिवसात एकानेही सांगितलं नाही. सगळ्यांना एकाच मापाची काठी. मी पाच फूट, माझ्या पुढचा गडी चांगला सहा फूट. घरी आल्यावर माझी काठी दाराआड गेली ती दोन वर्षं तिथेच होती, मधे कधीतरी माळ्यावरची जळमटं काढायला वापरली तेवढीच.

मला भांडायचंय ते यावरूनच. दृष्टी गेलेल्या माणसाला आपल्याकडे वस्तू मिळते, सवलत मिळते, सर्टिफिकेट मिळतं, सल्ले तर पोत्याने मिळतात, फक्त शिकवणी मिळत नाही. आणि वर सगळे म्हणतात, ताई, आत्मविश्वास ठेवा. अहो ठेवू कशाच्या जोरावर? गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधतात, काका किंवा मोठा भाऊ आधी पाण्यात उतरलेला असतो, हातपाय कसे मारायचे ते दाखवतो आणि आठ-पंधरा दिवसांत डबा सोडतो. नुसतं "विश्वास ठेव" म्हणून कुणी पोराला काठावरून ढकलत नाही, आणि जन्मभर डबाही बांधून ठेवत नाही. आमच्या बाबतीत मात्र हे दोन्ही होतं. बाहेरचे ढकलतात, घरचे डबा सोडत नाहीत.

माझा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा, डॉक्टर आरपी म्हणतात. लहानपणापासून संध्याकाळ झाली की मी लग्नाच्या मांडवात दोरीला अडखळून पडायची, सगळे धांदरट म्हणायचे. रातांधळेपणा आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. यात नजर कडेकडून मरत येते आणि मधला तुकडा शेवटपर्यंत टिकू शकतो, म्हणजे चुलीच्या फुंकणीतून जग बघावं तसं. त्यामुळे मी पेपरातलं बारीक अक्षर वाचायची आणि पायातल्या बादलीवर धडकायची, मग लोक म्हणणार नाटक करते. माझ्या जावेने हे तोंडावर म्हटलेलं आहे, तिच्यावर राग नाही, तिला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं आणि मलाही धड समजलं नव्हतं. आंधळा म्हणजे पूर्ण काळोख आणि डोळस म्हणजे लख्ख उजेड, एवढंच आपल्याला ठाऊक. मधे केवढा तरी मोठा पट्टा आहे आणि बरेचसे लोक त्या पट्ट्यातच राहतात. कायद्याच्या व्याख्येतसुद्धा नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी झाला की माणूस अंध धरला जातो, मग समोरचं अक्षर वाचता येत असलं तरी.

२००९ साली निदान झालं तेव्हा डॉक्टर भले होते, घाई केली नाही, म्हणाले याला आज औषध नाही, दर सहा महिन्यांनी दाखवत चला. संपलं. फाईल हातात. त्या खोलीत "काठी" हा शब्द निघाला नाही, "स्क्रीन रीडर" (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) निघाला नाही, अमुक ठिकाणी जा तिथे शिकवतात असं निघालं नाही. पाय मोडला तर प्लास्टर काढल्यावर फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात की नाही? मग डोळे गेल्यावर पुढचा पत्ता का नसतो? मी काठीने चालायला शिकले २०१८ ला. निदान ते काठी हे नऊ वर्षांचं अंतर आहे आणि त्या नऊ वर्षांत माझी जेवढी नजर गेली त्याहून जास्त बाकीचंच गेलं.

काय काय गेलं ते सांगते. आधी संध्याकाळी बाहेर जाणं गेलं. मग एकदा दूध कपाबाहेर ओतलं म्हणून गॅसजवळ जाणं गेलं. विळी लपवली गेली (हो, लपवली, पिठाच्या डब्यामागे, मला वर्षभराने सापडली). मग बाजाराची पिशवी गेली, पिशवीबरोबर पैसे गेले, कारण पैसे लागतातच कशाला. मी एका पतसंस्थेत हिशेबाला होते, तिथल्या साहेबांनी फार प्रेमाने सांगितलं की ताई आता घरी आराम करा, आणि मी केलासुद्धा. या सगळ्यात कुणी वाईट वागलं का तर नाही. प्रत्येक वेळी दोनच शब्द होते, "तू बस". तू बस, मी करते. तू बस, पोरगं जाईल. एवढी वर्षं बसून राहिल्यावर माणसाला खरंच वाटायला लागतं की आपल्याला फक्त बसताच येतं. पाहुणे आले की माझ्या मुलीला विचारायचे, "आईला चहा बिनसाखरेचा चालेल का गं?" मी समोरच बसलेली. कान शाबूत. जीभही.

२०१८ ला मावसबहीण हट्टाने पुण्याला घेऊन गेली. कोथरूडला तिच्याकडे तीन आठवडे राहून मी मोबिलिटी, म्हणजे काठीने एकटीने फिरणं, शिकले. शिकवणारे सर स्वतः पूर्ण अंध. पहिल्या दिवशी त्यांनी माझी शिबिरातली काठी चाचपली आणि म्हणाले, ही तुमची नाहीच. उभं राहिल्यावर काठी साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. मग हात पोटासमोर मधोमध, फक्त मनगट हलवायचं, खांद्याएवढ्या रुंदीत काठीचं टोक डावीकडे-उजवीकडे टेकवायचं, उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे, डावा पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच बघून ठेवलेली असते. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावून आलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर नावाच्या माणसाने बसवली. ऐकायला सोपी वाटते. मला लय पकडायला चार दिवस लागले, मनगट असं दुखायचं की रात्री बाम चोळायची. आणि सरांनी पहिल्याच दिवशी हेही सांगितलं की काठी तुम्हाला कमरेखालचं सगळं सांगेल, कमरेवरचं काही सांगणार नाही. टेम्पोचा आरसा, दुकानाच्या ताडपत्रीचा बांबू, झाडाची खाली आलेली फांदी. कपाळावर एक खूण आहे माझ्या, ती त्या बांबूची.

असलं शिकणं शौर्याचं वगैरे नसतं हो. सायकल शिकण्याइतकं ते कंटाळवाणं असतं. पण चौथ्या दिवशी टोक आणि पाय जुळले ना, तेव्हा पोटात जे काही झालं ते नऊ वर्षं ऐकलेल्या कुठल्याही भाषणाने झालं नव्हतं.

घराचंही तसंच. कप भरत आला की ओतण्याचा आवाज चढत जातो, लक्ष देऊन ऐका कधी, अगदी काठाशी आल्यावर तो बारीक होतो. मोहरी तडतडायची थांबली की जिरं टाकायचं, हे डोळसालासुद्धा कानानेच कळतं. भाकरी शेकल्याचा वास वेगळा आणि करपायला लागल्याचा वेगळा. आणि ताट! परदेशी पुस्तकांत सांगतात की अंध माणसाला ताट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे समजावून द्या, तीनला भाजी, नऊला चटणी वगैरे. आपल्याकडे हे शेकडो पंगतींनी आधीच करून ठेवलंय की. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर-लोणचं, उजवीकडे भाजी-आमटी, मधे भात. आजी कुठे काय वाढायचं त्यावरून ओरडायची तेव्हा आम्ही हसायचो. आज कुणी नीट वाढलेलं ताट समोर ठेवलं तर मला एक शब्द विचारावा लागत नाही. बुफेमधे मात्र माझे हाल. सांगायचा मुद्दा हा की वस्तू ठरल्या जागी असेल तर मला डोळ्यांची गरज अर्ध्याने कमी लागते. घरात माझी एकच अट आहे, खुर्ची सरकवली तर सांगा आणि कपाटाचं दार एकतर पूर्ण उघडं ठेवा नाहीतर पूर्ण बंद.

पुण्याहून आल्यावर मी एकटीने किराणा दुकानात जायचं ठरवलं. घरापासून तीनशे पावलं. आधी गिरणीचा आवाज, मग बेकरीचा वास, मग गटारावरची लोखंडी जाळी काठीला खणकन लागते, तिथून उजवीकडे. निघाले तर मागे फट्-फट् चपलेचा आवाज. पंधरा वर्षं त्या घरात काढलीत, सासूबाईंची चपल मला ओळखू येणार नाही? मी थांबले की आवाज थांबायचा, चालले की सुरू. जाळीपाशी येऊन मी न वळता म्हटलं, "आई, दूध उतू जाईल." मागून उत्तर आलं, "गॅस बंद करून आलेय." आठ दिवस त्या रोज आल्या, नवव्या दिवशी आल्या नाहीत. मला विचाराल तर ट्रेनिंग त्यांचंही झालं, फक्त ते कुठल्या योजनेत नव्हतं. पोहायला शिकणाऱ्याइतकंच काठावरच्या माणसालाही शिकावं लागतं, हात कधी द्यायचा आणि कधी मागे घ्यायचा ते. आणि द्यायचाच असेल तर आमचा दंड धरून ओढू नका, तुमचं कोपर आम्हाला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला, तुमच्या अंगाच्या हालचालीवरून पायरीसुद्धा आम्हाला कळते.

आता लोक लगेच प्रांजल पाटील यांचं नाव घेतात. बघा, उल्हासनगरची मुलगी, सहाव्या वर्षी दृष्टी गेली, आयएएस झाली, जिद्द असली की सगळं होतं. जिद्द होतीच, २०१६ च्या निकालात ७७३ वा नंबर आला, रेल्वेच्या सेवेत घ्यायला अंधत्वावरून नकार मिळाला, पुन्हा बसल्या आणि पुढच्या वर्षी १२४ वा आणला, हे येरागबाळ्याचं काम नाही. पण त्या गोष्टीतला एक भाग भाषणात कधीच येत नाही. त्या दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या. ही मुलींची शाळा १९०० सालची आहे. मग सेंट झेवियर्स, तिथे २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळं रिसोर्स सेंटर आहे. मग जेएनयू. म्हणजे ब्रेल, काठी, कॉम्प्युटर हे शिकवणारं कुणीतरी प्रत्येक टप्प्यावर होतं. माझ्या मते तिथे जिद्दीला जमीन मिळाली होती. लहानपणी दृष्टी गेली तर निदान मुंबई-पुण्याच्या आसपास ही वाट सव्वाशे वर्षं आहे, अपुरी असेल पण आहे. पण चाळिशीत काचबिंदूने, मधुमेहाने पडदा खराब होऊन, किंवा माझ्यासारखी आरपीने नजर गेली तर? तो माणूस शाळेत जाऊन बसणार आहे का? त्याच्यासाठी कोण आहे? संस्था नाहीत असं नाही म्हणत मी, वरळीची नॅब आणि पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन दोन्ही १९५२ पासून काम करतायत. पण सातारा जिल्ह्यातल्या बाईला पुण्यात तीन आठवडे राहायला मावसबहीण असावी लागते, ही काही व्यवस्था नव्हे, हे नशीब झालं.

कायदा म्हणाल तर चांगला आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्याच्या २० व्या कलमात आहे की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. माझी पतसंस्था सरकारी नव्हती, ते जाऊ द्या. पण ज्यांना हे कलम लागू आहे त्यांचं तरी काय होतं? नोकरी टिकते, पगार टिकतो, काम शिकवलं जात नाही, मग तो माणूस खिडकीशेजारच्या खुर्चीत रिटायर होईपर्यंत बसून राहतो. तिथेही "तू बस"च. पुनर्वसनाचं कलम आहे २७ वं, आणि त्यात शब्द घातलेत की सरकार आणि स्थानिक संस्थांनी आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे करावं. आता कुवतीप्रमाणे म्हटल्यावर कोण कशाला करतंय.

मोबाईलने फार बदललं हे मान्य. फोनमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू केला की फोन मराठीत बोलतो. कॉम्प्युटरवर तसाच एनव्हीडीए आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ ला सुरू केलेला, फुकट मिळतो, त्याच्यावर मी आज एका कृषी सेवा केंद्राचे हिशेब एक्सेलमधे करते. पैशांचं उलटं झालं, नवीन १००, २०० आणि ५०० च्या नोटा तिन्ही ६६ मिलिमीटर रुंद आणि लांबीला १४२, १४६, १५०, म्हणजे दोन नोटांत चार मिलिमीटरचा फरक, तो बाजारात घाईत बोटाने ओळखून दाखवा मला. कडेच्या उठावाच्या रेघा नोट जुनी झाली की झिजतात. रिझर्व्ह बँकेने २०२० ला नोट ओळखणारं अ‍ॅप काढलं, पण भाजीवाल्यासमोर फोन धरून उभं कोण राहणार. मी नोटांच्या घड्या घालते, ५०० सरळ, २०० ची एक घडी, १०० च्या दोन. त्यापेक्षा दुकानातल्या त्या बोलक्या डब्याने माझं भलं केलं, "एकशे वीस रुपये प्राप्त हुए" म्हणणाऱ्या. तो दुकानदाराला कुणी फसवू नये म्हणून आलाय, पण पैसे बरोबर गेले का हे मलाही त्याच क्षणी कळतं. आणि बँकेत केवायसीला मात्र कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा! अगदी सुप्रीम कोर्टात जावं लागलं लोकांना, एप्रिल २०२५ मधे कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसीची पद्धत बदला. दिव्यांगांच्या योजनेचा फॉर्म मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला तो स्कॅन केलेला, टॉकबॅक त्यावर नुसतं "इमेज" म्हणून गप्प.

घरच्यांचा एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. रस्ते असले, फुटपाथवर गाड्या, गटारं उघडी, कसं सोडायचं एकटीला? बरोबर आहे. फुटपाथवर आमच्यासाठी त्या उठावाच्या पिवळ्या फरशा बसवतात, जपानमधे सेइइची मियाके यांनी शोधलेल्या, १९६७ ला पहिल्यांदा ओकायामाला बसल्या, पुण्यात मी त्या पट्टीवरून काठी लावून चालत गेले तर पट्टी जाऊन थेट विजेच्या डीपीला भिडली. पण मग २०१७ च्या ऑगस्टमधे मुंबईच्या पावसात उघड्या मॅनहोलमधे एक नामांकित डॉक्टर गेले, ते तर डोळस होते. उघडं गटार धोक्याचं आहे म्हणून गटार झाकायचं की माणूस घरात झाकून ठेवायचा? रस्ते सुधारायला वीस वर्षं लागतील असं धरलं तर तोवर माझी पासष्टी उलटेल. मला आजच्या रस्त्यावर आजच चालायचंय, पडण्याचा हिशेब धरून. सायकल शिकताना फुटलेल्या गुडघ्याचं कौतुक करणारे आपणच ना.

आणि मागणी फार मोठी नाही. राज्यात ३६ जिल्हे. जिथे सर्टिफिकेट मिळतं त्या प्रत्येक सिव्हिलला दोन माणसं बसवा, एक काठी शिकवणारा आणि एक फोन-कॉम्प्युटर शिकवणारा. ७२ माणसं झाली. त्यातली निम्मीअधिक अंधच असू देत, माझे सर होते तसे, त्यांनाही रोजगार. सर्टिफिकेटवर सही झाली की त्याच दिवशी शेजारच्या खोलीत तारीख मिळाली पाहिजे, घरातल्या एका माणसाला सोबत आणायची सक्ती करा, सासू असेल तर उत्तमच. पेन्शन नको असं मी म्हणत नाही, तीही पाहिजे, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे वेळेवर आले तर कितीतरी घरं तरतात. पण पेन्शन घेऊन माणूस बसूनच राहणार असेल तर ती "तू बस"ची पगारी आवृत्ती झाली.

पैसे नाहीत हे तर सांगूच नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडे त्यातून कधी चेक वाटतात, एकदा ब्लँकेटं वाटली, भर एप्रिलमधे. गेल्या ग्रामसभेत मी उठून म्हटलं, या पैशातून पुण्याचे ट्रेनर महिन्यातून चार दिवस इथे बोलवा, गावात आणि आसपास आम्ही सात जण आहोत, त्यांचं येणंजाणं आणि मानधन द्या. सरपंच हो म्हणाले. ग्रामसेवक भाऊसाहेब चांगले गृहस्थ आहेत, जरा विचारात पडले, म्हणाले, ताई, प्रशिक्षण असं कुणी कधी मागितलंच नाही इथे, साहित्यात बसवता येतंय का बघतो. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्हाला काठी हवीय का पण, मागच्या वाटपातल्या दोन शिल्लक आहेत.

मी माप विचारलं. म्हणाले, एकच माप येतं.